मागच्या डाव्या चाकाजवळचा ‘टक्’ आवाज आणि गंजलेला मेंबर: पंधरा वर्षांची व्हॅन ठेवावी की काढावी?

रविवारचा बागवान (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०११ सालची पेट्रोलवर चालणारी व्हॅन आहे. इंजिन पुढच्या आसनांखाली, चालना मागच्या चाकांना, पुढे स्ट्रट आणि मागे सरळ ॲक्सल, त्यावर कॉइल स्प्रिंगा, दोन लांब ट्रेलिंग आर्म आणि एक आडवा रॉड, अशी तिची ठेवण आहे. आजवर १,३८,००० किलोमीटर झाले आहेत. आठवडाभर ती घरासमोर उभी असते आणि शनिवार-रविवारी काटोलच्या पुढे असलेल्या आमच्या संत्र्याच्या बागेत जाते. मधली आसने आम्ही केव्हाच काढून ठेवली आहेत. जाताना त्या जागेत खताच्या गोण्या आणि फवारणीचे सामान असते, येताना क्रेट.

गेल्या दिवाळीपासून मागच्या डाव्या बाजूने आवाज येऊ लागला. शहरातल्या सिमेंट रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो. गाडी रिकामी असली की तो मोठा असतो आणि पाच-सहा गोण्या टाकल्या की जवळजवळ बंद होतो. सकाळी फाटकातून रिव्हर्समध्ये बाहेर येऊन पहिला गिअर टाकला की मात्र एकच जड ‘धक्’ बसतो, जणू मागे कोणी घण खाली ठेवला.

गॅरेजमध्ये आधी मागचे दोन्ही शॉकअप बदलले, मग आडव्या रॉडचे बुश (जोडात बसणारे रबर-लोखंडी नळकांडे), मग ट्रेलिंग आर्मचे बुश. प्रत्येक कामानंतर आठ-दहा दिवस शांतता आणि पुन्हा तेच. एकूण साडेनऊ हजार रुपये गेले. तिसऱ्या वेळी तिथल्या एका पोराने मोबाइलचा उजेड पाडून मला दाखवले, की डाव्या आर्मचे पुढचे टोक जिथे बोल्टने गाडीच्या खालच्या मेंबरला, म्हणजे भार पेलणाऱ्या पत्र्याच्या तुळईला, जोडलेले आहे, तिथे नखाने खरवडले तरी खारीसारखे पापुद्रे निघतात. उजवी बाजू जुनी दिसते, पण धड आहे. मालकांचे म्हणणे असे, की “इतका गंज सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो, वरून काळे अंडरकोटिंग मारून देतो.” पंधरा वर्षांची नोंदणी यंदा संपत असल्यामुळे गाडी पासिंगलाही न्यायची आहे.

माझे प्रश्न असे. आवाज खरोखर या गंजाचाच आहे का? नागपुरात समुद्र नाही, मग एकाच बाजूला एवढा गंज कसा? आणि अशा जागी केलेल्या वेल्डिंगवर कुटुंबाला बसवून काटोलपर्यंत जाण्याइतका विश्वास ठेवावा का?

पिटातला जुना गडी (वाडी)

भाऊ, तुम्ही आवाजाचे वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे निदान त्यातच आहे. अशा गाडीत मागचे ॲक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवण्याचे काम ते दोन लांब आर्म करतात. चाकांनी रस्त्यावर मारलेला जोर त्या आर्ममधूनच गाडीच्या अंगात जातो. रिव्हर्समध्ये आर्म एका दिशेने ओढला जातो आणि पहिला गिअर टाकताच उलट दिशेने ढकलला जातो. त्याच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी मोकळीक असली तरी ती त्या क्षणी ‘धक्’ करून मिटते. शॉकअपचा आवाज असा येत नाही. वरचे रबर गेलेला शॉकअप लहान-लहान खड्ड्यांवर सलग खडखडतो आणि त्याला गिअरशी काही देणेघेणे नसते. गोण्या टाकल्या की सांध्यांवरचा आवाज बंद होतो, कारण वजनाने आर्म एका बाजूला दाबून बसतो आणि फट भरते. लोक याचा अर्थ ‘वजन असले की गाडी ठीक चालते’ असा काढतात, तो धोक्याचा आहे. वजन असते तेव्हाच त्या जागेवर खरा ताण असतो.

आठ-दहा दिवसांच्या शांततेचेही कारण मला दिसते. बुश बदलताना बोल्ट नव्याने कसला जातो, त्यामुळे फट तेवढ्यापुरती जाते. पण ज्या पत्र्यावर तो कसला आहे तोच कुजलेला असेल, तर पत्रा दबत जातो, बोल्टचा ताण उतरतो आणि भोक हळूहळू अंडाकृती होते. अशा गाडीत तुम्ही सोन्याचे बुश टाकले तरी ते आठच दिवस टिकतील.

खात्रीसाठी एक साधी परीक्षा करा. सपाट जागेवर इंजिन बंद करून हँडब्रेक पूर्ण ओढा. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणजे ॲक्सल जागीच थांबले. आता दोघांनी मागून गाडी लयीत पुढे-मागे ढकलायची आणि तिसऱ्याने बाजूला बसून, अंग गाडीखाली न घालता, आर्मच्या पुढच्या टोकावर उजेड टाकून बघायचे. रबर थोडे वळेल, ते चालते. पण बोल्टचे डोके, कंस (आर्म धरणारा ब्रॅकेट) आणि मेंबर यांपैकी कोणतीही लोखंडी वस्तू दुसऱ्या लोखंडी वस्तूपासून वेगळी हलताना दिसली तर बुशचा विषय संपला. त्यानंतर गाडी पिटावर घेऊन लहान हातोडीने मेंबर ठोकत या: चांगला पत्रा खणकतो, कुजलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तिथे जुना पेचकस दाबा. तो आत गेला तर वाईट वाटून घेऊ नका. तो भोसका गंजाने आधीच पाडलेला असतो.

एक गोष्ट विषयाला धरूनच, पण थोडी बाजूची. रबर-लोखंडी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर आणि चाके लोंबकळत असताना शेवटचा कसू नये. तसा कसला की गाडी खाली येताच रबराला कायमची पीळ बसते आणि ते लवकर फाटते. चाके जमिनीवर टेकवून, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच शेवटची कस द्यायची. आपल्या अर्ध्या गॅरेजांत हे कोणी पाळत नाही, कारण पिटात उतरायचा कंटाळा असतो.

कूलरखालची गाडी (प्रतापनगर)

मी मेकॅनिक नाही, पण एकाच बाजूला गंज म्हटल्यावर एक शंका येते. आपल्याकडे मार्च ते जून घरोघरी डेझर्ट कूलर चालतो. पाणी उडून जाते आणि क्षार टाकीत राहतात, म्हणून तर जाळीवर पांढरा थर धरतो. माझी आधीची गाडी अशाच एका कूलरच्या गळतीखाली चार उन्हाळे उभी होती आणि तिचे नेमके त्याच बाजूचे दार खालून गेले. तुमची व्हॅन कुठे उभी असते ते एकदा बघा.

बाकी मी दर धुलाईनंतर खालून डिझेल आणि जुने इंजिन ऑइल यांचा फवारा मारून घेतो. आवाजही कमी होतात आणि गंजही धरत नाही. पन्नास-शंभर रुपयांचे काम आहे, करून बघायला हरकत नाही.

धातू आणि मी (हिंगणा)

कूलरची शंका चांगली आहे, पण फवाऱ्याचा सल्ला कृपया पाळू नये. डिझेल आणि खनिज तेल बुशच्या रबराला फुगवते आणि मऊ करते. आवाज कमी झाल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच, आणि काही महिन्यांत ते रबर निकामी होते. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात रबर एरवीच कडक होऊन तडकते. त्यात ही भर कशाला? शिवाय तेलावर धूळ बसून जो लगदा होतो त्याखाली पत्रा कसा आहे हे कोणाला दिसत नाही.

‘समुद्र नाही म्हणून गंज नाही’ हा आपल्या भागातला मोठा गैरसमज आहे. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. क्षार आले की वेग वाढतो, इतकेच. गाडी पावसात भिजून उन्हात वाळली तर फारसे बिघडत नाही. खरे नुकसान होते ते सतत ओल्या राहणाऱ्या जागी. विदर्भातली काळी माती या दृष्टीने वाईट आहे, कारण ती चाकाच्या कमानीत आणि मेंबरच्या कंगोऱ्यांत चिकटून बसते, पाणी धरून ठेवते आणि वरून वाळलेली दिसली तरी आत दमट असते. मेंबर ही पत्र्याची पोकळ पेटी असते. तिच्यात शिरलेले पाणी बाहेर जावे म्हणून खाली ठेवलेली भोके त्याच मातीने बुजली की ती पेटी आतून सडू लागते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो धरला की पाचर ठोकावी तसे पत्रे उसवतात आणि स्पॉट वेल्डिंगचे टिपके एकेक करून सुटतात. तुम्ही म्हणता ते खारीचे पापुद्रे म्हणजे हेच.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे फोर्डने २०१० साली १९९८ ते २००३ या वर्षांच्या विंडस्टार मिनीव्हॅन परत बोलावल्या होत्या, कारण मिठाच्या पाण्याने मागचे ॲक्सल गंजून तडकण्याची आणि मोडण्याची शक्यता होती. मीठ तिथे रस्त्यावरून उडून येते. तुमच्या गाडीत ते कुठून आले, हा माझा प्रश्न आहे. रस्त्यावरून आले असते तर दोन्ही बाजू सारख्याच गेल्या असत्या.

म्हणून दोन गोष्टी सांगा. गोण्या नेमक्या कोणत्या आणि गाडीत कोणत्या बाजूला ठेवता? आणि त्या जागी आतला रबरी गालिचा उचलला तर खाली काय दिसते?

अंडरकोटिंग सध्या अजिबात मारू नका. गंजावर मारलेला तो काळा थर म्हणजे ओल्या जखमेवर चिकटपट्टी लावण्यासारखे आहे. आतली ओल आतच राहते आणि पासिंगला तपासणाऱ्यालाही काही दिसत नाही.

रविवारचा बागवान

सर्वांचे आभार. काल शेजारच्या दोघांना घेऊन हँडब्रेकची परीक्षा केली. गाडी मागे ओढली की डाव्या कंसाची वरची कड मेंबरपासून उघडते आणि पुढे ढकलली की मिटते. त्या फटीत पोस्टकार्ड सहज जाते. आवाज तोच, घरात बसलेल्या आईनेही ओळखला. उजव्या बाजूला फक्त रबर वळते.

कूलर आमच्या गच्चीवर आहे आणि त्याची नळी मागच्या गल्लीत सोडली आहे, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

गोण्या युरिया, पोटॅश आणि १०:२६:२६ या मिश्र खताच्या असतात. बाजूचे दार डावीकडून उघडते म्हणून सगळे डावीकडेच रचतो. गालिचा उचलला तर खाली जुने खत पेंडीसारखे घट्ट बसलेले होते. एक गोष्ट मला उमगली नाही. आसनाच्या बोल्टांची जी रिकामी भोके आहेत, त्यांच्या भोवती निळसर-हिरवे डाग आहेत, आणि खालून मेंबर घासला तेव्हा गंजाच्या कडेला काही ठिकाणी तांब्याच्या भांड्यासारखी लालसर चमक दिसली. गंज असा चमकतो का?

नरखेडचा संत्रावाला

बागवान भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला बागेत माहीत आहे, गाडीखाली ते ओळखू आले नाही इतकेच.

डिंक्या रोगासाठी संत्र्याच्या झाडांच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट आपण सगळेच लावतो. एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण करताना एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी घेतो आणि झाल्यावर त्यात चकचकीत लोखंडी सळई किंवा चाकूचे पाते बुडवून बघतो. पाते तांबूस झाले तर मोरचूद मोकळे आहे असे समजून चुन्याची निवळी वाढवतो. ते तांबूस म्हणजे गंज नसतो, खरे तांबे असते. लोखंड विरघळून पाण्यात जाते आणि त्याच्या जागी तांबे बसते. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी भांड्यात करायचे नाही, प्लास्टिकच्या ड्रममध्येच करायचे, असे आपल्याला पहिल्या दिवसापासून सांगितलेले असते.

तुम्ही मोरचूद भिजवलेला डबा किंवा फाटकी पिशवी त्या गोण्यांजवळ ठेवत असणार. निळे डाग त्याचेच. आसनांचे बोल्ट काढल्यावर भोके बुजवली नाहीत, म्हणून पाणी सरळ खाली मेंबरवर उतरले. पाते बुडवून आपण लगेच बाहेर काढतो. तुमचा मेंबर कित्येक वर्षे त्या परीक्षेत बुडालेला आहे.

आमच्या गावातल्या दोन गाड्यांचे मागचे फाळके असेच गेले. एकात तर फक्त पोटॅशच होते.

धातू आणि मी

नरखेडकरांनी नेमके सांगितले. त्यात एवढीच भर घालतो, की पत्र्यावर बसलेले ते तांबे तिथेच थांबून शेजारच्या उघड्या लोखंडाला आणखी वेगाने खायला लावते, कारण ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले की त्यांतला लोखंडासारखा दुबळा धातू झिजतो. पोटॅश म्हणून आपण जे घेतो ते बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणजे खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. तिन्ही एकत्र आल्यावर पावसाळ्यात तुमच्या गाडीच्या त्या कोपऱ्यात समुद्रकिनारा तयार होत होता असे समजा.

दुरुस्तीपूर्वी तो भाग भरपूर साध्या पाण्याने, आतून आणि खालून, दोन-तीनदा धुऊन पूर्ण वाळवा. क्षार आत राहिले तर नव्या पत्र्याचेही तेच होईल. पाणी बोअरवेलचे नको, नळाचे घ्या.

पिटातला जुना गडी

आता शेवटच्या प्रश्नाकडे येतो. वेल्डिंगवर विश्वास ठेवावा का, याचे उत्तर कुजण्याची हद्द कुठे आहे त्यावर आहे. गंज कंस आणि मेंबरचा वीतभर तुकडा एवढ्यातच असेल आणि त्याच्या पुढे-मागे हातोडी खणकत असेल तर गाडी वाचते. पण तो स्प्रिंगची वरची वाटी जिथे बसते तिथपर्यंत किंवा मेंबरच्या वळणापर्यंत गेला असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: गाडी भंगारात द्यावी आणि दुसऱ्या गरजवंताच्या गळ्यात बांधू नये. तशा गाडीला रंग लावून विकणारे पुष्कळ आहेत.

काम करायचे ठरल्यास डेंटरला पुढील गोष्टी आधीच सांगून ठेवा. कुजलेला पत्रा पूर्ण कापून काढायचा, चांगले लोखंड लागेपर्यंत; कुजक्यावर ठिगळ ठेवून कडेने टाके मारायचे नाहीत. नवा तुकडा मूळ जाडीचा किंवा किंचित जाड असावा आणि सीओटू वेल्डिंगने पूर्ण शिवलेला असावा. गॅसवर पितळ टाकून केलेले काम दाराच्या पत्र्याला चालते, भार पेलणाऱ्या मेंबरला चालत नाही. कंस बसवण्यापूर्वी उजव्या बाजूची मापे घेऊन ती डावीकडे उतरवायची, नाहीतर ॲक्सल तिरके बसेल, गाडी खेकड्यासारखी चालेल आणि टायर एका कडेने खाल्ले जातील. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या दोन्ही तारा काढलेल्या हव्यात, पेट्रोलची टाकी आणि नळ्या दूर हव्यात, आणि स्प्रिंग तर उतरवूनच ठेवलेली बरी, कारण तिच्यावर ठिणगी पडली किंवा तिला आच लागली की तिचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि पुढे ती त्याच जागी मोडते.

आणि एक गोष्ट, जी सस्पेन्शनच्या नादात सगळे विसरतात. त्याच मेंबरच्या कडेने मागच्या ब्रेकची लोखंडी नळी जात असेल, तर मोरचुदाचे पाणी तिच्यावरही पडले आहे. ती कापडाने पुसून, क्लिपांखालून सोडवून बघा. खरवडल्यासारखी किंवा फोड आल्यासारखी दिसली तर त्याच दिवशी बदला. आवाज करणारा भाग निदान आवाज तरी करतो. ब्रेकची नळी फुटेपर्यंत काही बोलत नाही.

काम होईपर्यंत या गाडीतून गोण्याही नेऊ नका आणि माणसेही नेऊ नका.

रविवारचा बागवान

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. ज्यांना पुढे असाच त्रास होईल त्यांच्यासाठी झालेली हकिगत नोंदवून ठेवतो.

गाडी टोईंगने डेंटरकडे नेली. कापल्यावर कळले, की मेंबरचा खालचा पत्रा साधारण नऊ इंच लांबीत संपला होता. आत बुजलेल्या भोकाजवळ मूठभर काळी माती आणि निळसर लगदा निघाला. स्प्रिंगच्या वाटीपर्यंत गंज पोहोचलेला नव्हता, म्हणून काम करण्याचे ठरवले. नवा तुकडा आणि कंस बसायला चार दिवस लागले. मी स्वतः उभा राहून दोन्ही बाजूंची मापे टेपने पडताळली आणि बुशचे बोल्ट चाके जमिनीवर टेकवूनच कसायला लावले. तेव्हा तिथला कारागीर जरा रागावला, पण त्याने ऐकले. ब्रेकची नळी दोन ठिकाणी खरबरीत झाली होती, ती मागेपर्यंत नवी टाकली. जोडांवर सीलर, रेड ऑक्साइड आणि रंग झाल्यावर पेटीच्या आत पातळ मेणाचे तेल सोडले आणि खालची भोके तारेने मोकळी केली. एकूण खर्च साडेअकरा हजार झाला, म्हणजे आधी चुकीच्या भागांवर गेलेल्या पैशांपेक्षा थोडा अधिक.

पासिंगही झाले. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. चारचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर त्याहून वेगळा भरावा लागतो, हे ज्यांच्या गाड्या या वयाला येत आहेत त्यांनी हिशेबात धरावे.

आसनांची भोके रबरी बुचांनी बंद केली आहेत. मोरचूद आता झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये बागेतच राहते आणि खत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाते. फाटकातून निघताना ‘धक्’ बसत नाही. सिमेंट रस्त्यावर मागून एक बारीक किणकिण येत होती, तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला होता. ती डिकीत सुटलेल्या जॅकच्या दांड्याची निघाली.